लाईनीचं पाणी

मावशींचा डावा पाय सकाळी आणखी निळा पडला होता. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दहावा दिवस. शिवणकामावर घर चालवणारी बाई, आणि "उद्यापर्यंत उतार पडला नाही तर पाय काढावा लागेल," असं डॉक्टरबाई बजावून गेल्या होत्या.

रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपरिनमुळेच पायात रक्ताच्या गाठी झाल्या, हे सिस्टरच्या पचनी पडत नव्हतं. डॉक्टरबाईंनी तिला कागदावर ठिपके काढून दाखवलं होतं. प्लेटलेट म्हणजे जखम बुजवणाऱ्या इवल्याशा चकत्या. प्रत्येकीच्या पोटात एक प्रथिन साठवलेलं. जखम झाली की चकती ते सोडते आणि पांढऱ्या पेशींना हाक जाते.

"त्याला हेपरिन चिकटलं, की एखाद्याच्या शरीराला ती जोडी शत्रूच वाटते. शरीर तिच्यावर तुटून पडतं. त्यात चकत्या भडकतात, आणखी प्रथिन सोडतात, गाठी धरतात आणि त्यातच संपतात."

परवाच हेपरिन बंद करून दुसरं औषध सुरू केलं होतं. तरी चकत्या साठ हजारांवरून चाळीसवर आल्या होत्या.

"रोज नुसतं टोचता," मावशी म्हणाल्या. "एखादं बटण तरी लावा."

सिस्टर हसली. दंडातली लाईन, म्हणजे औषध सोडायची नळी, तुंबू नये म्हणून तिनं नेहमीची सिरिंज उचलली. वॉर्डात त्या सिरिंजला सगळे लाईनीचं पाणीच म्हणत. औषधांच्या कागदावर ती कधी चढतच नसे. का कोण जाणे, आज तिनं लेबल वाचलं. त्या पाण्यात किंचित हेपरिन होतं.

सिरिंज हातात घेऊन ती तशीच डॉक्टरबाईंपुढे जाऊन उभी राहिली. "दोन दिवस मीच देत होते."

डॉक्टरबाईंनी लेबल दोनदा वाचलं. "माझ्याही डोक्यात आलं नाही. आधी ती लाईन काढा."

"एवढ्याशानं होतं?"

"एवढ्याशानंही होतं."

दुसऱ्या दिवशी पायाचा निळेपणा ओसरू लागला, आणि चौथ्या दिवशी चकत्यांचा आकडा लाखावर गेला. प्रयोगशाळेतल्या दादांनी सिस्टरला मावशींच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. तांबड्या पेशींच्या दाटीत जांभळट कण, त्याच चकत्या, धुळीपेक्षा बारीक. यांच्याही पोटात कुणी एवढं भरून ठेवलंय, या विचारानं ती श्वास रोखून बघतच राहिली.

मग वॉर्डात येऊन तिनं मावशींना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

मावशींनी ऐकून घेतलं. मग त्यांनी चादर बाजूला सारली.

"आधी अंगठा हलतोय का बघा."

सिस्टरनं वाकून पाहिलं. हलत होता.