कुडाच्या फटी

टण्ण! बंद दाराआड पितळी वाटी पडली, गरगरली आणि थांबली.

मागच्या अंगणात दुपटी पिळणाऱ्या चिमाचे हात थबकले. वाटी पडली की बाळंतीण "अगं बाई" तरी म्हणते, निदान बाळ दचकून रडतं. आत काहीच नाही.

"उमावैनी? निजलीस काय गो?"

चाळीस वर्षं चिमा रत्नागिरीतल्या बाळंतिणींना न्हाऊ घालत आली होती. तेल-हळद, कढत पाणी, ओव्याची धुरी, मग बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि दारं-खिडक्या बंद. उमाच्या थोरल्या छबीलाही तिनेच पायांवर घेतलं होतं, पण ते जुन्या कौलारू घरात. हे घर नवं, स्लॅबचं. "वाऱ्याला वाट म्हणून नाय हो!" असं पहिल्याच दिवशी तिने कौतुक केलं होतं. काल उमा म्हणाली, "चिमाआजी, डोकं फार जड झालंय." वारा बाधला असेल म्हणून चिमाने खिडकीखालच्या फटीतही चिंधी कोंबली होती.

तिने दार ढकललं. उमा बाजेवर कलंडलेली, हात खाली लोंबत होता. कुशीतलं बारा दिवसांचं बाळ उचललं तर त्याची मान मागे गेली.

"छबी! पळ! शेजारच्या सिस्टरना हाक मार!"

सिस्टर नुकत्याच ड्युटीवरून आल्या होत्या. ओल्या केसांनीच धावल्या. चिमाने बाळाला ओट्यावर आणून ठेवलं होतं; दोघींनी उमालाही ओढत तिथे आणलं. सिस्टरनी बाळाच्या नाकातोंडावर तोंड ठेवून हलकेच फुंकर घातली. पुन्हा. पुन्हा. चिमा नुसती उभी होती. तिच्या हातातून अजून साबणाचं पाणी ठिबकत होतं.

बाळ एकदा आचकलं आणि रडलं. इतकं बारीक, की चिमाला आधी विहिरीचा रहाटच वाजला असं वाटलं.

"बंद खोलीत शेगडी कोणी ठेवली?"

"मी. रोजचीच हाय ती."

"निखाऱ्यांचा विषारी वायू साचला, आजी. दिसत नाही, वास येत नाही. कौलांतून निघून जातो, स्लॅबमधून कुठून जाणार? माणूस निजल्या निजल्या जातं."

"निजल्या निजल्या?"

"हो. बघणाऱ्याला वाटतं, गाढ झोपलंय."

उमाने डोळे किलकिले केले. "बाळ?"

"माझ्याकडे आहे. रिक्षा आली, चल. दोघांनाही दवाखान्यात दाखवायचंच."

रिक्षा गेली. जाताना उमाने चिमाचा हात धरला, चांगला घट्ट. तिने दोन शब्द सुनावले असते तर चिमाला बरं वाटलं असतं.

शेगडी अंगणात आणून तिने वर तांब्याभर पाणी ओतलं. चर्रर्र झालं. मग ती पायरीवर बसली, तशी छबी येऊन तिला चिकटली.

"बाळ मरणार नाही ना?"

"नाय गो बाय माजे. रडला ना तो."

"तुझा विठू नव्हता रडला?"

न्हाणीच्या दगडावर बसवून अंग चोळताना चिमानेच छबीला आपल्या विठूची गोष्ट सांगितली होती, अनेकदा. 'दुपारचा निजला नि सटवीनं नेलान.' चाळिसाहून जास्त वर्षं तिने सटवीला बोल लावला होता. नंतर देवाने कूस भरली नाही, तेव्हा लोकांची बाळं हातात घेतली होती.

आता तिला ते खोपटं दिसलं. थंडीचे दिवस होते. विठू आठ दिवसांचा. कुडाच्या भिंतीतून वारा येतो म्हणून ओली बाळंतीण असूनही तीच उठली होती. शेणमाती कालवून एकेक फट तिने लिंपली होती, वरपर्यंत, हात पोचत नव्हता तिथे पाटावर चढून. मग शेगडी पेटवली होती.

"नाय," ती म्हणाली. "नाय रडला."

"निजल्या निजल्याच गेला?"

चिमाने मान डोलावली. तिचा अंगठा शेगडीतली ओली राख पायरीच्या चिरेत दाबत होता.

छबीने बराच विचार केला.

"पण चिमाआजी, तुझ्या घराला तर स्लॅब नव्हता. मग तिथला वारा कोणी अडवला?"