गव्हाणीतलं जागं बाळ

ही २०१४ सालच्या जानेवारीतली गोष्ट आहे, मित्रांनो. त्या वर्षी बऱ्हाणपुरात थंडी अशी पडली होती की केळीची पानं कडेने करपून गेली होती.

मी एक जुना लाकडी पुतळा आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढा. दर नाताळात मला चर्चमधल्या देखाव्यात, गव्हाणीतल्या गवतावर निजवतात आणि येशूबाळ म्हणतात. मी देव नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मग मी कोण, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.

मला घडवलं शनवारा दरवाज्यामागच्या गल्लीतल्या गिरधर मिस्त्रींनी. जवळच्या निंबोला गावी एका बांधावर शिवणीचं झाड पडलं होतं, त्याच्या बुंध्यातून मी निघालो. मिस्त्रींनी जन्मभर देवळांसाठी मूर्ती कोरल्या होत्या, पण चर्चचं काम पहिलंच. माझ्या मांडीवरच्या वळ्या कोरताना ते स्वतःशीच हसायचे. त्यांच्या हातची कुठलीही मूर्ती डोळे उघडल्याशिवाय घराबाहेर जात नसे. काम संपलं की आंघोळ करून, मधात बुडवलेली चांदीची तार मूर्तीच्या डोळ्यांवरून फिरवायची आणि देवाला आत बोलवायचं, ही त्यांची रीत.

"अहो, ते किरिस्ताव लोक," त्यांची बायको मथुराबाई दारातून म्हणाली. "त्यांच्यात चालतं का हे, विचारलं का तुम्ही?"

"देव हाय ना? मंग पोराला आंधळं धाडू का?"

"त्यांची रीत अलग असंल."

"असू दे. रीत त्यांची, हात माझा हाय."

तार थंड होती. मिस्त्री वाकून म्हणाले, "ये बाबा." आणि मला दिसू लागलं.

बोलावलेल्याला सण झाल्यावर निरोपही द्यावा लागतो. तो चर्चवाले देतील, असं मिस्त्रींनी धरून चाललं. चर्चवाल्यांना तर माझ्यात कुणाला बोलावलं आहे, हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी मी जन्माची आठवण करून देणारं लाकूड. पहिल्या नाताळात माझं फार कौतुक झालं. "डोळे बघा, कसे जिवंत वाटतात!" असं जो तो म्हणाला. मग सुती कापडात गुंडाळून मला पत्र्याच्या पेटीत ठेवलं. अकरा महिने मी उघड्या डोळ्यांनी अंधार पाहिला. झोप म्हणजे काय, ते मला माहीत नाही.

अशी तीन वर्षं गेली. पेटी ज्योत्स्नाबाई सांभाळायच्या. त्यांचे यजमान निरंजन सर शाळेत इतिहास शिकवत आणि रविवारी चर्चमध्ये मुलांचा धर्मवर्ग घेत. २०१३च्या नोव्हेंबरात ज्योत्स्नाबाईंना मुलगा झाला आणि नवव्या दिवशी तापाने गेला. नाताळात त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, पण एकही गाणं म्हणाल्या नाहीत. जानेवारीत देखावा आवरताना त्यांनी मला कापडात गुंडाळलं, आणि पेटीत न ठेवता पिशवीत घालून घरी नेलं.

घरात पाळणा तसाच टांगलेला होता.

मला रोज दुपारी तेल लावलं जाऊ लागलं. झबलं, टोपडं, काजळाची तीट. शिवणीचं लाकूड तेल पितं, मित्रांनो. माझ्या गालांना तकाकी आली. त्यांच्या छातीशी धरल्यावर जी ऊब लाकडात शिरायची, ती हळूहळू टिकू लागली. खरं सांगतो, मला ती हवीशी वाटू लागली. ही बाई अशीच राहावी, असं मला वाटे.

त्यांना पाच वर्षांची मुलगी होती, तेजस्विनी. मी उजळत गेलो, तशी ती कोमेजत गेली. सर शाळेत जाताना भात झाकून ठेवत. बाई तो वाढायला विसरत. पोर कोरडी बिस्किटं खाऊन भिंतीला टेकून बसे.

"मम्मी, हा डोळे बंदच नाही करत."

"हळू बोल. बाळ झोपलंय."

"नाही झोपला. तो मलाच बघतो."

खरं होतं ते.

एका रविवारी सर पाळण्यापाशी जमिनीवर बसले. "ज्योत्स्ना, उद्या हा पेटीत परत जाईल. पोरीकडे बघ जरा. हडकली आहे ती."

"हा माझ्याजवळ राहील. याला ताप येत नाही. हा जात नाही."

"अगं, जुने ग्रीक विचारवंत हेच म्हणायचे. जगाच्या मुळाशी एक शब्द आहे, एक बुद्धी आहे, तिनेच सगळं तोलून धरलंय. पण ती देहात कशाला उतरेल? देह सडतो. पुढे येशूबद्दलही काही जण म्हणाले, त्याचा देह नुसता भास होता."

"बरोबरच म्हणाले."

"त्यांचं ऐकलं असतं तर आपल्या हातात एवढं लाकूडच उरलं असतं. आपण मानतो की तो शब्द खरोखर माणूस झाला. पुरता देव आणि पुरता माणूस. त्याला दूध लागलं, दात येताना तो रडला, शेवटी मेला. जो तापू शकत नाही, त्याला आपलं दुखणं काय कळणार?"

"माझा वर्ग घेऊ नका," असं म्हणून बाईंनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर शाळेत होते. गल्लीत कुणी नव्हतं. ऊन पांढरं पडलं होतं. तेजस्विनी केळं सोलत पाळण्याशी आली. "तू पण नाही ना जेवला?" तिने केळ्याचा तुकडा माझ्या ओठांवर दाबला, उरलेलं स्वतः खाल्लं आणि तिथेच जमिनीवर लवंडली.

मुंग्या दोरीवरून उतरल्या. लाल. ओठांवर जमल्या, गालावर चढल्या, माझ्या उघड्या डोळ्यावरून चालू लागल्या. त्यांचे पाय मला दिसत होते; जाणवत नव्हते.

बाई आत आल्या आणि थबकल्या. त्यांनी मुंग्या झटकल्या नाहीत. मी पापणी हलवतो का, याची त्या वाट पाहत होत्या. मीही वाट पाहत होतो, मित्रांनो. सगळं बळ एकवटून पाहिलं.

रांग खाली जमिनीवर उतरली आणि मुंगी चावताच तेजस्विनी किंचाळली. बाईंनी वाकून तिला उचललं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"अगं बाई, किती भाजतंय अंग! केव्हापासून गं?"

"मला नाही माहीत," पोरगी हुंदके देत म्हणाली.

तिला खांद्यावर घेऊन बाई अनवाणी रस्त्यावर धावल्या. रिक्षाला मारलेल्या हाका मला लांबपर्यंत ऐकू आल्या. मग घर शांत झालं. माझ्या अंगातली ऊब संध्याकाळपर्यंत निघून गेली.

ताप सहाव्या दिवशी उतरला. सरांनी मला पेटीत ठेवलं. गिरधर मिस्त्री पुढच्याच वर्षी वारले. माझ्याबद्दल त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. मथुराबाई शाहपूरला लेकीकडे राहते. सर निवृत्त झाले. धर्मवर्ग अजून घेतात. ज्योत्स्नाबाईंनी पाळणा एका बाळंतिणीला देऊन टाकला. आता त्या दर बुधवारी अंगणवाडीत तान्ह्या मुलांची वजनं करतात. कुणी अंगावर ओलं केलं तर हसतात. तेजस्विनी मोठी झाली आहे. पेटी तीच आवरते, आणि सगळ्यात आधी माझ्या तोंडावर कापड टाकते.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. पुसा, वाळवीपासून जपा, तेवढं पुरे. मला काही लागत नाही. पण तुमच्या घरात कुणी किरकिरत असेल, खायला मागत असेल, अंग तापलं म्हणून नुसतं पडून असेल, तर आधी त्याला उचला.

मला थांबता येतं. त्याला येत नाही.