रुक्मिणीबाईचा अबोला

रुक्मिणीबाईचा अबोला म्हसावदमध्ये कुणाला नवा नव्हता. एकदा दीर तिच्या भाजीला नावं ठेवून गेला, तर बाई दीड वर्ष त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. त्यामुळे दुसऱ्या लाटेत कोरोनाचे चौदा दिवस सेंटरमध्ये काढून ती घरी आली आणि गप्प बसली, तेव्हा तिच्या नवऱ्याला, दगा पाटलाला, कारण शोधावं लागलं नाही. ती नसताना त्याने तिची म्हैस विकली होती. करणार काय? ते मेलं जनावर दुसऱ्या कुणाला आचळाला हात लावू देईना!

"दोन दिनमा येस ठिकानवर," तो सून हेमांगीला म्हणाला. "आवंदा मी पह्यले बोलाव नही."

दोनाचे नऊ झाले. बाई खाटेवर बसली की बसली. घास भरवला तर तोंडातच राही. हेमांगी म्हणे, दवाखान्यात नेऊ. दगा म्हणे, नाटकं आहेत नुसती. नवव्या दिवशी त्याचं डोकंच फिरलं. तो तिच्यासमोर जाऊन ओरडला, "तुन्हापेक्षा म्हैस बरी व्हती! हंबरे तरी! तू मरी गई तरी काय फरक पडस?"

बाईची पापणी हलली नाही. केवढा हा माज, त्याला वाटलं.

दुसऱ्या सकाळी झंपराची बाही चढवायला हेमांगीने सासूचा हात वर केला आणि टॉवेल घ्यायला वळली. दगा आत येतो तर काय, बायकोने हात उगारलेला!

"मार ना! मार!" तो गाल पुढे करून उभा राहिला. मिनिट गेलं, दोन गेली, हात खाली येईना. दगाने तो धरून अर्ध्यावर आणला, तर तो अर्ध्यावरच राहिला. मग मात्र तो हाका मारत अंगणात धावला. मुलाने, धीरजने, गाडी काढली.

शहाद्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा अबोला नाही, आजार आहे. कोरोनानंतर क्वचित कुणाचं शरीर असं थिजून जातं. इंजेक्शनने सुटेल बहुतेक. पण जपून बोला, त्यांना सगळं ऐकू येत असतं."

"सगळं?" दगाने विचारलं. "मांगलं बी?"

"मागचंही."

सुई दिली. अर्ध्या तासात बाईची मान वळली. "हेमांगी, पानी दे," ती म्हणाली. पाणी पिऊन तिने सुनेला विचारलं, जेवलीस का. नर्सला तिचं गाव विचारलं. दगाचे डोळे भरून आले.

"धीरजनी माय," तो वाकला, "मन्ही चूक व्हयनी. तुन्ही म्हैस मी वापस लई येसू."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग भिंतीकडे कूस वळवली.

दगा धावत डॉक्टरीणबाईंकडे गेला. "थोडं ऱ्हायेल शे, बाई. आखो एक सुई द्या."

त्या आल्या, तपासलं, दोन प्रश्न विचारले. रुक्मिणीबाईने दोन्हींची उत्तरं दिली.

"आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता त्यांना काही झालेलं नाही."