दाब आणि घे

कारखान्यातली मोटार जळाली ती विजेच्या चढउताराने नाही, की जुनी झाली म्हणूनही नाही. खरं कारण अबोलरावांनाच ठाऊक होतं, आणि ते सांगतील तर अबोलराव कसले! गल्लीने हे नाव त्यांना उगीच दिलं नव्हतं. हाताने सोन्यासारखा माणूस. पण तोंड उघडायची वेळ आली की मिठाची गुळणी. पंपाचं झिजलेलं बुश दुरुस्तीला घेऊन गिऱ्हाईक आलं की ते बुश बोटात फिरवून बघायचे आणि "संध्याकाळी" एवढंच म्हणायचे. उरलेलं वाक्य गिऱ्हाइकाने आपल्या घरून आणायचं.

बायकोशीही तीच तऱ्हा. सुरुवातीला ती दोघांच्या वाटचं बोलायची. मग कधीतरी एक भांडण झालं. कशावरून ते पुढे दोघांनाही धड आठवेना, पण अबोला तेवढा टिकला. घर वर, कारखाना खाली, मधे लाकडी जिना. जेवण तयार झालं की ती वरून भांडं वाजवायची, आणि हे हात धुऊन वर जायचे. असा संसार. बाहेरच्यांना वाटायचं, किती शांत घर!

दिवसातून एकदा मात्र दोघं बोलत, आणि तेही लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राच्या, मोटारीमुळे. मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर केव्हाच गेला होता. बटण दाबलं की ती जागच्या जागी गुणगुणत बसायची. कुणी हाताने पट्टा ओढला की मगच फिरायला लागायची. बटण जिन्यापाशी भिंतीवर आणि पट्टा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यामुळे रोज सकाळी अबोलराव जिन्याखाली येऊन हाक मारत, "अगं, ये." ती ओले हात पुसत खाली यायची. हे पट्ट्यापाशी जाऊन म्हणायचे, "दाब." ती बटण दाबून म्हणायची, "घे." की हे पट्टा ओढायचे आणि लेथ सुरू व्हायचा. ती थोडा वेळ फिरत्या लेथकडे बघत उभी राहायची, मग वर जायची. तिच्या "घे"शिवाय त्यांनी पट्ट्याला कधी जोर दिला नाही. हाताला तशी सवयच लागून गेली होती.

आता कपॅसिटर बदलणं म्हणजे काय डोंगर उचलायचा होता? लोकांची यंत्रं नीट करण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या स्वतःच्या लेथला रोज हाताने ढकलावं लागतं, म्हणून शेजारीपाजारी थट्टा करायचे. हे ऐकून घ्यायचे. कपॅसिटर बसवला असता तर तिला खाली बोलवायला निमित्त काय उरलं असतं? हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच नाही.

या थंडीत ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला. दवाखान्यात नर्स म्हणाली, "बोला त्यांच्याशी, त्यांना ऐकू जातं." अबोलराव खाटेजवळ स्टूल ओढून बसले. सांगायचं एवढंच होतं, की मोटार बिघडलेली नव्हती गं, मीच ती तशी ठेवली होती. ओठापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. ते तिची चादर नीट करत राहिले. तिचं आयुष्य संपलं आणि तिला ते कळलं होतं की नाही, हे आता विचारायला कुणी नव्हतं. याच एका गोष्टीने त्यांना अन्न गोड लागेना.

काही दिवसांनी ते कामाला लागायचं म्हणून खाली गेले. बटण स्वतःच दाबलं, लगबगीने पट्ट्यापाशी आले, पट्टा धरला. आणि थांबले. मोटार गुणगुणत होती, हात पट्ट्यावर होता, आणि अबोलराव "घे"ची वाट बघत उभे होते. गुणगुण घरघरीवर आली, जळका वास सुटला, धूर निघाला, तरी हा माणूस हललाच नाही. वरून लेक धावत आली आणि तिने बटण बंद केलं.

"बाबा! लक्ष कुठे होतं तुमचं?"

काय सांगणार? आईच्या आवाजाची वाट बघत होतो, असं?

लेक आईच्या आजारपणात आली होती, ती अजून बापाला एकटं सोडून जायला धजत नव्हती. तिने बजावलं, "आता नवी मोटार आणा. बटण दाबलं की सुरू होणारी. तुमच्या हाताखाली आता कोण आहे?" म्हणाली आणि जीभ चावली. अबोलरावांनी मान हलवली, जळकी मोटार पोत्यात घातली आणि बाजारात निघाले.

मोटारवाला जुना ओळखीचा. एकदा बोलायला लागला की त्याला आवरायला कपॅसिटर नाही, ब्रेकच लागायचा. वहिनी गेल्याचं त्याने हळहळून विचारलं, मग मोटार उघडून नाक मुरडलं.

"ही पार कोळसा झालीय. आतल्या तारा परत भरून घेण्यात अर्थ नाही. ही बघा, नवी आहे, हलकी आहे."

अबोलरावांनी पाटी वाचली. मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे. "पळते," ते म्हणाले. एवढ्या वेगात त्यांच्या लेथवर हत्याराची धार क्षणात गेली असती.

"मग ही घ्या, एक हॉर्सपॉवर. दांडगी आहे."

"नको. हत्यार अडकलं तर पट्टा सटकला पाहिजे. हिने लेथच मोडेल." एका दमात एवढं बोलल्यावर त्यांनाच थकल्यासारखं झालं.

शेवटी कोपऱ्यातली एक निघाली. अर्धा हॉर्सपॉवर, चौदाशे चाळीस फेरे. अबोलरावांनी जुनी पुली खिशातून काढून तिच्या दांड्यावर सरकवून पाहिली. घट्ट बसली. पायांची भोकं जुन्या मोटारीच्या भोकांशी ताडून पाहिली. जुळली. आता नकार द्यायला काही उरलं नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं.

मोटारवाल्याने तिच्या पाठीवरच्या डब्यावर टिचकी मारली. "आणि हिला कपॅसिटर आहे बरं का, ठणठणीत! ढकलाढकली संपली. पण काय हो, एक विचारू? वहिनींनी तो कपॅसिटर परत का केला होता?"

अबोलराव बघतच राहिले. "कोणता?"

"अहो, झाली त्याला बरीच वर्षं. एकदा आल्या, म्हणाल्या, आमच्या लेथची मोटार धक्का दिल्याशिवाय फिरत नाही, तिला काय लागतं ते द्या, यांना सांगू नका. मी दिला. दुसऱ्याच दिवशी परत घेऊन हजर. मी म्हटलं, वहिनी, चुकीचा गेला का? तर म्हणाल्या, बरोबर आहे हो, पण यांना का बसवता आला नसता? आणि हा बसवला तर मला खाली कोण बोलवणार? हसून म्हणाल्या, म्हणून मला वाटलं, थट्टा करताहेत." तो जळून काळ्या पडलेल्या जुन्या तारा झटकत राहिला. "त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही कधी?"

अबोलरावांनी काउंटर धरला. दोघांनी एकच गोष्ट, एकाच छपराखाली, एकमेकांपासून लपवून ठेवली होती. तिला कळलं होतं. तिलाही तेच हवं होतं. इतके दिवस ज्यासाठी जीव तुटत होता ते उत्तर मिळालं, आणि त्याने बरं वाटायच्या ऐवजी आत काहीतरी उमळून आलं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ते रडले. मोटारवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

घरी येऊन त्यांनी मोटार बसवली. बोल्ट आवळले, पट्टा चढवला, तारा जोडल्या. लेथवर फडकं फिरवलं. आता बटणापाशी जायचं आणि दाबायचं, एवढंच काम होतं. ते जिन्यापाशी आले. बोट बटणावर ठेवलं आणि पुन्हा काढलं. मग वर बघून त्यांनी हाक मारली, रोजच्यासारखीच, पण रोजच्यापेक्षा मोठ्याने.

"अगं, ये."

वरच्या पायरीवर लेक आली. तिच्या हातात पीठ होतं. "बाबा, मला बोलावलं? काय काम होतं?"

कामाशिवाय हाक मारता येते, हे अबोलरावांना इतक्या उशिरा सुचलं होतं, आणि जिला मारायची ती नव्हती.

"काम काही नाही," ते म्हणाले. "नुसती ये."

लेक काही न विचारता खाली आली आणि शेवटच्या पायरीवर बसली. ते तिच्याशेजारी बसले.

"तुझी आई..." त्यांनी सुरुवात केली.

लेथ त्या दिवशी बंदच राहिला.