दाराला लावलेली किल्ली

माल्टाहून दोन दिवस गोझो बेट बघायला आलेल्या विस्टिनला घरमालकिणीने फोनवर सांगितलं होतं, किल्ली दारालाच लावलेली आहे. इथे तर गल्लीतल्या प्रत्येक दाराला किल्ली. उन्हाने वैतागून त्याने पहिलंच दार उघडलं आणि सोफ्यावर ताणून दिली.

"पाय खाली घे आधी," भाजीची पिशवी घेऊन आत आलेली म्हातारी खेकसली. "तुझं घर समोरचं. दर उन्हाळ्यात एखादा वेंधळा माझ्याकडे शिरतोच. आता आलायस तर जेवून जा."

टोमॅटो चोळलेल्या पावाचा तिसरा तुकडा संपवत विस्टिन म्हणाला, "आजी, बाहेर जाताना किल्ली काढून घेत जा ना."

"घेतली होती एका वर्षी," ती म्हणाली. "अख्खा उन्हाळा एकटीच जेवले."