राबियाबीने चुणलेली ओढणी

ओल्या, खळ दिलेल्या मलमलीवर ओढण्या चुणून देणाऱ्या राबियाबीची नखं बारीक करकर करत सरकत, आणि जुन्या जालन्याच्या त्या स्तब्ध, शुभ्र उन्हात वीतभर कापड बघता बघता दोन बोटांच्या चिमटीत मावून जाई. मग पीळ घालून ती ओढणी तशीच वाळवायची. पीळ सोडला की अंगभर शेकडो नाजूक चुण्या. नवरीची ओढणी अशीच हवी, ही आमच्या सासरच्या मारवाडी घराण्याची रीत.

मला नव्या सुनेला ती कुठली ठाऊक! निझामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नणंदेच्या लग्नाच्या सकाळी पेटीवर पिळलेली ओढणी दिसली. उलगडली तर सुरकुत्याच सुरकुत्या. म्हटलं, काय हा गलथानपणा! शाबासकीची हौस दांडगी. कोळशाची इस्त्री फिरवून मी ती पापडासारखी सपाट केली.

राबियाबीला बोलावून सासूबाई कडाडल्या, "राबियाबी, न चुणताच धाडली? लाज न्हाई वाटली?"

मी दारात उभी. राबियाबीने ओढणी उजेडात धरली. इस्त्रीच्या कडेची पिवळट रेघ तिला दिसली. मग कोळशाने काळी झालेली माझी बोटं दिसली. किंचित थांबून ती म्हणाली, "माझीच भूल, बाईसाहेब. जल्दीत राहून गेली."

आणि मी मेली गप्प राहिले! वर ओढणी भिजवून पुन्हा चुणायला तिच्यासमोर बसून दुसरं टोक धरलं. मी ते घट्ट ताणून धरलेलं. तिचा स्वर मात्र मायेचा. "ताणू नको, बेटी. थोडं दाबायचं. कुठं मुडायचं ते कापडालाच बराबर कळतं." त्या पिवळ्या रेघेपाशी मात्र चुणी काही केल्या धरेना. ती पुन्हापुन्हा तिथेच बोटं फिरवत राहिली.

धाकट्या नणंदेच्या लग्नात ओढणी दुसरीकडे गेली. "राबियाबीचा हात आता चालत न्हाई," सासूबाई म्हणाल्या. गावभर तेच झालं, तिच्याकडचं काम तुटलं. तेव्हाही मी खाली मान घालून चहा ओतत होते.

आज सासूबाई नाहीत, राबियाबीही नाही. तेव्हा सासूच्या भयाने मुकी होते. आता घरात माझाच शब्द चालतो, आणि खरं बोलायचं बळ काळाने दिलं ते नेमकं ऐकणारी माणसं नेऊन.