उभ्या गाडीतला गारवा

मी बोलतेय, सोलापूरच्या नव्या पेठेतल्या टॉवेलच्या दुकानासमोर उभी असते ती पांढरी गाडी. पेट्रोलची नव्हे, विजेवरची. त्यामुळे माझा आवाज फारसा कुणाच्या कानावर पडत नाही. आज तेवढा ऐका.

कारखान्यातून निघाले तेव्हा एका चार्जिंगमध्ये अडीचशे किलोमीटर पळायचे. पुण्यात अभिमन्यू नावाच्या तरुणाकडे होते. पुढं त्यानं मला चालवणं सोडलं. मागच्या सीटवर आडवा होऊन तो दवाखान्यात जायचा. मग तेही थांबलं, आणि त्याच्या वडिलांनी मला विकून टाकलं.

सोलापूरच्या हेमावतीनं मला घेतलं. ती आणि तिचा नवरा प्रभु मिळून दुकान चालवतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे भरायचे आणि मोहोळच्या दुकानदारांना पोचवायचे, हे माझं काम. हेमावती मला जपायची. पण इथलं ऊन बॅटरीला खातं. अडीचशेचे दीडशे झाले. मेकॅनिक गुरप्पा म्हणाला, "वय झालंय वैनी. बॅटरी बी म्हातारी होती की."

तेवढंच असतं तर बरं होतं. भर दुपारी, पेठेतली दुकानं अर्धी मिटलेली असताना, मी आपोआप जागी व्हायचे. चावी दुकानात, दारं बंद, आणि आत एसी जोरात सुरू. मला तो बंद करता यायचा नाही. कुणीतरी लांबून माझ्या अंगात शिरायचं आणि बॅटरीतलं बळ निथळून जायचं.

एकदा हेमावतीच्या सासूनं, सिद्धम्मानं, सहज दार उघडलं. बाहेर भाजून काढणारी झळ, आणि आतून बर्फासारखा गारवा तिच्या तोंडावर आला. ती मागं सरली.

"यारु?" तिनं रिकाम्या सीटला कानडीत विचारलं. "कोन हाय आत?" मग सुनेला म्हणाली, "ह्यात कोन तरी बसतंय बग."

हेमावती हसली. प्रभु हसला नाही.

मे महिन्यात सिद्धम्मा मोहोळला लेकीकडे गेली आणि तिथं आजारी पडली. हेमावती मला घेऊन तिला आणायला गेली. लेकीच्या घरासमोर उभी असताना तो गारवा पुन्हा आला, बराच वेळ राहिला. निघताना पडद्यावर पन्नास किलोमीटर दिसत होते. सोलापूर तेवढं लांब नाही. पण म्हाताऱ्या बॅटरीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. अर्ध्या वाटेत तो एकदम सहावर आला आणि हायवेच्या कडेला मी थांबले.

काचा खाली केल्या तरी वारा नव्हता. सिद्धम्माला धाप लागली. "अत्ती, डोळे मिटू नका," हेमावती सासूला ओरडून सांगत होती, रस्त्याकडं हात करत होती. ट्रक थांबत नव्हते.

तेवढ्यात माझा हॉर्न वाजू लागला. स्टिअरिंगवर कुणाचाच हात नव्हता. तो वाजतच राहिला, दिवे उघडझाप करू लागले. हेमावती दचकून माझ्यापासून लांब झाली. पण त्या आवाजानं एक टेम्पोवाला थांबला, म्हणून सिद्धम्मा वेळेवर दवाखान्यात पोचली.

संध्याकाळी हेमावतीला अनोळखी फोन आला. "ताई, गाडी रस्त्यात का थांबली? आतली माणसं बरी आहेत ना?"

तिनं फोन स्पीकरवर टाकला. "तुम्ही कोण?"

"मी रामहरी, पुण्याहून. ती गाडी माझ्या मुलाची, अभिमन्यूची. माझ्या मोबाइलमधल्या ॲपवर अजून दिसते." म्हातारा सांगू लागला. "दुपारचं त्याला दवाखान्यात न्यायचो. ऊन सोसायचं नाही त्याला, म्हणून आधीच मोबाइलवरून एसी लावून ठेवायचो. तो गेला, तरी बोट अजून जातं हो तिथं. आज गाडी हायवेवरून हलेना, म्हणून घाबरून हॉर्न वाजवला. मग ज्या दलालाला विकली त्याच्याकडून तुमचा नंबर घेतला."

"आत्ताच्या आत्ता त्यांचं ते कनेक्शन तोडून टाक," प्रभु म्हणाला.

हेमावतीनं त्याला हातानं थांबवलं. मग फोनवर म्हणाली, "काका, एसी लावू नका. आज आमच्या अत्तींचा जीव गेला असता. दिवे तेवढे लावत जा, दुपारी एकदा. त्याला बॅटरी फारशी लागत नाही."

तेव्हापासून भर दुपारी माझे दिवे एकदा लागायचे. रस्त्यानं जाणारे बिचकायचे. सिद्धम्मा दुकानातूनच हात जोडायची.

आता मी मोहोळला जात नाही. बॅटरीत तेवढं उरलेलं नाही. गावातल्या गावात गठ्ठे वाहते. आणि श्रावणापासून दिवेही लागलेले नाहीत. हेमावतीनं रामहरींना फोन करून पाहिला. वाजतो, कुणी उचलत नाही. तरी दुपार झाली की ती दारात येऊन उभी राहते.

तुम्ही कधी नव्या पेठेतून गेलात आणि जवळ कुणी नसताना माझे दिवे लागलेले दिसले, तर घाबरू नका. दुकानात जाऊन तिला तेवढं सांगा.